लोहाधारित अस्फटिकी मिश्रधातूत नवे मूलद्रव्य घालताय? स्फटिकीभवन मोजण्याची क्रमवार पद्धत

अस्फटिकी मिश्रधातूत अणूंची नियमित जाळी नसते, ती काचेसारखी असते; तापवली की तिच्यात स्फटिक होतात, तेच स्फटिकीभवन. पदार्थविज्ञानाच्या प्रकल्प अहवालांत त्याबद्दल एक वाक्य हमखास भेटते: ‘अमुक मूलद्रव्य घातल्यावर स्फटिकीभवनाचे तापमान वाढले.’ खाली डीएससीचा (तापवताना नमुना किती उष्णता सोडतो वा घेतो ते मोजणारे यंत्र) एक आलेख, एक्सआरडीचे (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याची पद्धत) दोन आलेख आणि निष्कर्ष. दोन्ही रिबनची (वितळलेला धातू झटकन गोठवून केलेल्या पातळ पट्टीची) जाडी सारखी होती का, वितळवताना वजन किती घटले, डीएससीत किती तापवेग (तापवण्याचे दर) वापरले, हे विचारले की शांतता. सोलापुरात बसून हे काम करणाऱ्यांची अडचण खरी आहे. रिबन एका गावात ओढायची, एक्सआरडी दुसऱ्या गावात, डीएससी तिसऱ्या. पण नेमके त्यामुळेच क्रम चुकून चालत नाही, कारण चुकलेला नमुना परत करायला एक सत्र जाते.

पुढचे टप्पे लोखंड–सिलिकॉन–बोरॉन कुळातल्या रिबनसाठी आहेत. उदाहरण म्हणून फाइनमेट नावाने ओळखली जाणारी मिश्रधातू घेतली आहे: लोखंड ७३.५, तांबे १, नायोबियम ३, सिलिकॉन १३.५, बोरॉन ९, सगळे अणुटक्क्यांत. १९८८ साली प्रसिद्ध झालेली ही पाककृती आजही तुलनेसाठी सर्वांत सोयीची आहे.

## टप्पा १: कोणाच्या जागी काय, हे आधी कागदावर

नवे मूलद्रव्य आले की कोणाचा तरी वाटा कमी होतो. तो लोखंडाचा की बोरॉनचा, हे ठरल्याशिवाय तराजूला हात लावू नका. बोरॉन कमी केले तर काच होण्याची, म्हणजे स्फटिक न होता गोठण्याची, क्षमताच घसरते, आणि मग दिसलेला बदल नव्या पाहुण्यामुळे की बोरॉन गेल्यामुळे, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून सिलिकॉन १३.५ आणि बोरॉन ९ जसेच्या तसे ठेवा, बदल फक्त लोखंडात करा.

दोन मूलद्रव्यांचा एकत्र परिणाम पाहायचा असेल तर चार नमुने लागतातच:

- लोखंड ७७.५ (दोन्ही नाहीत)
- लोखंड ७६.५, तांबे १
- लोखंड ७४.५, नायोबियम ३
- लोखंड ७३.५, तांबे १, नायोबियम ३

बहुतेक जण पहिला आणि चौथा करतात आणि मधले दोन सोडतात. पैसे वाचतात, पण निष्कर्षही तिथेच हातचा जातो.

## टप्पा २: कोणते मूलद्रव्य कोणते काम करते

हा भाग घाईत वाचू नका. डीएससीचा आलेख समोर आल्यावर याचीच गरज पडते.

तांब्याचे लोखंडाशी पटत नाही. या जोडीची मिश्रण-ऊष्मा सुमारे +१३ किलोज्यूल प्रति मोल, म्हणजे धन आहे. रिबन तापवली की स्फटिक सुरू होण्याआधीच तांब्याचे अणू एकत्र येऊन काही नॅनोमीटरचे पुंजके करतात. अल्फा-लोखंडाच्या (लोखंडाच्या नेहमीच्या स्फटिकरूपाच्या) कणांना तिथे केंद्रक, म्हणजे वाढीचे बीज, मिळते. केंद्रके प्रचंड संख्येने, म्हणून प्रत्येक कणाच्या वाट्याला जागा थोडी. तांबे घातल्यावर डीएससीतले पहिले शिखर, म्हणजे हे कण तयार होण्याचे, सहसा खाली (कमी तापमानाला) येते. पुष्कळांना हे अपयश वाटते, पण तांब्याने आपले काम केल्याची ती खूण आहे.

नायोबियमचे काम उलटे. अणू मोठा (धातू-त्रिज्या सुमारे ०.१४३ नॅनोमीटर, लोखंडाची ०.१२४), चाल मंद, आणि अल्फा-लोखंडाच्या जाळीत त्याला थारा नाही. वाढता कण त्याला बाहेर ढकलतो आणि कणाभोवती नायोबियम व बोरॉन साठून बांध घातल्यासारखे होते. उरलेला अस्फटिकी भाग या साठ्यामुळे अधिक टिकाऊ बनतो. त्यामुळे पहिले शिखर वर सरकते आणि दुसरे, म्हणजे बोराइड (लोखंड-बोरॉनचे संयुग) तयार होण्याचे, आणखी लांब जाते. तांबे आणि नायोबियम दोन्ही असतील तर सुमारे ५५० अंश सेल्सिअसला तासभर ठेवल्यावर १० ते १५ नॅनोमीटरचे लोखंड–सिलिकॉनचे कण मिळतात. नुसते तांबे असेल तर कण सुरू पुष्कळ होतात पण आवरत नाहीत. नुसते नायोबियम असेल तर आवर आहे, पण सुरुवातच थोड्या ठिकाणी होते.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. मॉलिब्डेनम नायोबियमसारखेच काम करते, जोर जरा कमी. क्रोमियमचा अणू लोखंडाएवढाच, त्यामुळे कणांची वाढ रोखण्यात ते कच्चे. त्याचा खरा उपयोग गंजरोधासाठी, आणि बदल्यात ते अस्फटिकी अवस्थेचे क्युरी तापमान (ज्याच्या वर लोहचुंबकत्व नाहीसे होते) खाली आणते. कोबाल्ट क्युरी तापमान वर नेतो. फॉस्फरस काच व्हायला मदत करतो, पण तापल्यावर उडतो, म्हणून तो नेहमी लोह-फॉस्फरस मिश्रणाच्या रूपातच घ्यावा.

सावधान: ‘तापमान वाढले म्हणजे चांगले’ हा निकष इथे निरुपयोगी आहे. दोन शिखरांमधले अंतर पाहा. नॅनोस्फटिकी रचना हवी असेल तर ॲनिलिंगसाठी (रिबन भट्टीत ठरावीक तापमानाला ठेवण्यासाठी) तेवढीच जागा तुमच्या हातात असते.

## टप्पा ३: वजन आणि वितळण

अणुटक्के म्हणजे वजनटक्के नव्हेत. हे सगळ्यांना माहीत असते आणि तरी दरवर्षी कुणीतरी ९ टक्के बोरॉन वजनाने घालते. वरच्या मिश्रधातूच्या २० ग्रॅम गोळीसाठी हिशेब असा:

- लोखंड १६.६७४ ग्रॅम
- नायोबियम १.१३२ ग्रॅम
- सिलिकॉन १.५४० ग्रॅम
- बोरॉन ०.३९५ ग्रॅम
- तांबे ०.२५८ ग्रॅम

९ अणुटक्के बोरॉन वजनाने दोन टक्केसुद्धा नाही. यावरून पुढची गोष्ट समजून घ्या. वितळवताना एकूण वजन अर्धा टक्का घटले, म्हणजे ०.१ ग्रॅम गेले. ते सगळे बोरॉनच असेल तर चतुर्थांश बोरॉन उडाले आणि ९ चे ७ पेक्षाही कमी उरले. तुम्ही नायोबियमचा परिणाम मोजायला निघालात आणि मोजताय बोरॉनचा अभाव.

बोरॉनची भुकटी वापरू नका. ती आर्कच्या (वितळवणाऱ्या विजेच्या ठिणगीच्या) झोताने उडते आणि सोबत ऑक्साइड आणते. तुकडे घ्या किंवा आधी लोह-बोरॉनचे मिश्रण करून घ्या. शुद्ध बोरॉन २०७६ अंशांना वितळते, तर १७ अणुटक्क्यांच्या आसपास बोरॉन असलेले लोह-बोरॉन मिश्रण ११७४ अंशांनाच. बाजारातला फेरोबोरॉन स्वस्त पडतो, पण त्यात ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि कार्बन असतात. विक्रेत्याकडून विश्लेषणाचा कागद घ्या आणि ती मूलद्रव्ये हिशेबात धरा.

आर्क भट्टीत मांडणीचा क्रम:

१. तांब्याच्या थंड तव्यात सर्वांत खाली तांबे, सिलिकॉन आणि बोरॉन.
२. त्यावर लोखंड, आणि सर्वांत वर नायोबियम. ते २४७७ अंशांना वितळते, आर्क थेट त्याच्यावर पडू द्या.
३. नमुन्याआधी टायटॅनियमची गोळी वितळवा, म्हणजे आर्गॉनमधला उरलासुरला ऑक्सिजन ती ओढून घेईल.
४. गोळी उलटून पालटून निदान चार-पाच वेळा वितळवा.

इंडक्शन भट्टी वापरत असाल तर एक सोलापुरी सूचना: कॉइलमध्ये बोअरचे पाणी सोडू नका. आपल्याकडचे पाणी इतके जड की नळीत क्षार बसून प्रवाह घटतो, आणि भट्टी ऐन वितळणीत बंद पडते. डिस्टिल्ड पाण्याची बंद फेरीच हवी.

तपासा: वितळण्याआधीचे आणि नंतरचे वजन तिसऱ्या दशांशापर्यंत नोंदवा. घट ०.२ टक्क्यांच्या वर गेली तर ती गोळी बाजूला ठेवा. गोळी फोडून तुटलेल्या भागात न विरघळलेला नायोबियमचा चकाकणारा कण दिसतो का, तेही पाहा.

## टप्पा ४: रिबन ओढणे

वितळलेला धातू तांब्याच्या फिरत्या चाकावर पडतो आणि सेकंदाला सुमारे दहा लाख अंशांच्या दराने गोठतो. चाकाचा वेग फेऱ्यांत लिहू नका, पृष्ठभागाचा वेग लिहा. २० सेंटिमीटर व्यासाचे चाक मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ३१.४ मीटर. दुसऱ्या प्रयोगशाळेतले चाक लहान असेल तर त्याच फेऱ्यांत रिबन जाड निघते.

खरी गंमत पुढे आहे. मूलद्रव्य बदलले की रसाची तरलता बदलते, म्हणून तोच वेग आणि तोच दाब ठेवूनही जाडी बदलते. जाड रिबन सावकाश गोठते, आत आधीच केंद्रके घेऊन येते, आणि डीएससीत तिचे शिखर सरकलेले दिसते. हा सरकलेला भाग बिचाऱ्या मूलद्रव्याच्या नावावर जमा होतो. तेव्हा वेग सारखा ठेवण्याचा हट्ट सोडा, जाडी सारखी ठेवा. मालिकेतल्या सगळ्या रिबन २ मायक्रॉनच्या फरकात बसल्या पाहिजेत.

जाडी मायक्रोमीटरने मोजली तर खडबडीमुळे जास्त भरते. वजनावरून काढा: १ मीटर लांब, २ मिलिमीटर रुंद, २५ मायक्रॉन जाडीची रिबन, घनता साधारण ७.२ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर धरल्यास, ०.३६ ग्रॅम भरते.

तपासा: रिबन बोटांनी पूर्ण दुमडा. नीट अस्फटिकी रिबन १८० अंश वाकूनही तुटत नाही. टचकन तुटली तर एक्सआरडीचे पैसे वाचवा आणि पुन्हा ओढा. तुकडे दोन्ही टोकांचे आणि मधले असे तिन्ही तपासा, कारण शेवटी चाक तापते.

## टप्पा ५: कच्च्या रिबनचा एक्सआरडी

तांब्याच्या नळीची क्ष-किरणे लोखंडावर पडली की लोखंड स्वतःच चमकते आणि पार्श्वभूमी वर उचलली जाते. अस्फटिकी भागामुळे ४४–४५ अंशांजवळ (हे अंश किरण वळण्याच्या कोनाचे) येणाऱ्या रुंद फुगवट्यावर बारीक शिखर असले तरी त्यात बुडून जाते. कोबाल्टची नळी किंवा चांगला मोनोक्रोमेटर (नको असलेली किरणे गाळणारा भाग) असलेले यंत्र मिळत असेल तर तिथेच नमुना पाठवा. आयआयटी मुंबई किंवा पुण्यात पाठवताना अर्जात ‘नमुना लोखंडाचा आहे’ हे ठळक लिहा, नाहीतर नेहमीच्या मांडणीत फटाफट आलेख काढून हातात देतात.

दुसरे म्हणजे ही किरणे लोखंडात जेमतेम चार मायक्रॉन शिरतात. २५ मायक्रॉनच्या रिबनचा गाभा तुम्हाला दिसतच नाही. म्हणून चाकाची बाजू आणि मोकळी बाजू, दोन्हींचे वेगळे आलेख घ्या. मोकळी बाजू सावकाश थंड होते, पृष्ठभागावरचे स्फटिक बहुधा तिथेच सापडतात. ते सापडले तर ६५ अंशांजवळचे शिखर आधी नजरेत भरते, कारण तिथे फुगवटा आड येत नाही.

एक्सआरडी स्वच्छ म्हणजे नमुना शंभर टक्के अस्फटिकी, असे लिहू नका. दोन-चार टक्के स्फटिक त्यातून सहज निसटतात.

## टप्पा ६: डीएससी, आणि तो ॲनिलिंगच्या आधी

सर्वांत जास्त उलटा केला जाणारा क्रम हाच. ‘कुठल्याशा शोधनिबंधात ५५० होते’ म्हणून आधी ॲनिलिंग उरकतात आणि डीएससीचा नंबर नंतर लावतात. तुमच्या मिश्रधातूची शिखरे कुठे आहेत हे कळल्याशिवाय भट्टीचे तापमान कसे ठरणार?

तयारी:

१. यंत्राचे कॅलिब्रेशन इंडियम (१५६.६ अंश) आणि जस्त (४१९.५ अंश) यांनी, आणि वापरणार त्या प्रत्येक तापवेगाला.
२. ॲल्युमिनाची वाटी. ॲल्युमिनियमची वाटी ६६० अंशांना वितळते आणि बोराइडचे दुसरे शिखर या कुळात ६५० च्या पुढे येते. वाटी गेली तर सोबत सेन्सरही जातो, आणि मग त्या प्रयोगशाळेत तुमचे नाव निघाले की लोक गप्प होतात.
३. १० ते २० मिलिग्रॅम रिबन, सपाट कापून, वाटीच्या तळाला टेकलेली. वेटोळे घालून कोंबू नका.
४. आर्गॉनचा प्रवाह नमुना ठेवल्यानंतर काही वेळ चालू ठेवून मगच तापवायला सुरुवात.

तापवेग निदान चार: मिनिटाला ५, १०, २० आणि ४० अंश. प्रत्येक वेळी नवा तुकडा. पहिली फेरी झाल्यावर वाटी न हलवता तोच तुकडा पुन्हा तापवा आणि ती रेषा वजा करा, म्हणजे पायारेषा सरळ होते. दुसऱ्या फेरीत ६०० अंशांच्या आसपास छोटा खाचा दिसला तर गोंधळू नका, तो लोखंड–सिलिकॉन कणांचा क्युरी बिंदू असू शकतो.

सावधान: ३०० ते ४२० अंशांच्या पट्ट्यातली छोटी पायरी म्हणजे काच-संक्रमण (काचेसारखा पदार्थ मऊ होऊ लागणे) नव्हे. ते अस्फटिकी अवस्थेचे क्युरी तापमान आहे, फाइनमेटमध्ये ३२० अंशांच्या आसपास. या पायरीला काच-संक्रमण समजून अख्खे प्रकरण लिहिलेले असते. खात्री हवी असेल तर चुंबकत्व विरुद्ध तापमान मोजून पाहा.

## टप्पा ७: सक्रियण ऊर्जा

सक्रियण ऊर्जा म्हणजे स्फटिकीभवनासाठी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा अडसर. ती काढण्याची किसिंजर पद्धत सोपी आहे. तापवेगाला शिखर-तापमानाच्या वर्गाने भागा, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिथम घ्या आणि तो शिखर-तापमानाच्या व्यस्ताविरुद्ध मांडा. रेषेचा उतार ८.३१४ ने (वायू स्थिरांकाने) गुणला आणि चिन्ह बदलले की ऊर्जा मिळते. सोपी म्हणूनच इथे चुका होतात.

समजा, मिनिटाला १० अंशांना शिखर ८२० केल्विनला आले आणि ४० अंशांना ८४२ केल्विनला. ऊर्जा येते ३४८ किलोज्यूल प्रति मोल. हेच आकडे सेल्सिअसमध्ये (५४७ आणि ५६९) टाकले तर येते १५४. उत्तर दिसायला ठीकठाक, रेषाही सरळ, म्हणून संशय येत नाही. या कुळात पहिल्या शिखराची ऊर्जा दोनशेच्या खाली आली की आधी एकक तपासा.

आता दुसरे शिखर ८४२ ऐवजी ८४३ ला वाचले तर? ऊर्जा ३३३. एका अंशाने १५ किलोज्यूल गेले. तेव्हा ‘१ टक्का अमुक घातल्याने सक्रियण ऊर्जा ८ किलोज्यूलने वाढली’ या वाक्याला काही अर्थ नाही. चार तापवेगांची रेषा घ्या, उताराची त्रुटी काढा, आणि दोन नमुन्यांतला फरक त्या त्रुटीपेक्षा मोठा असेल तरच त्यावर बोला.

## टप्पा ८: ॲनिलिंग

तापमाने डीएससीवरून निवडा: एक पहिल्या शिखराच्या बरेच खाली, दोन-तीन दोन शिखरांच्या मधल्या पट्ट्यात, एक दुसऱ्या शिखराच्या पुढे. लक्षात असू द्या, तासभर ठेवताना स्फटिकीभवन डीएससीतल्या आकड्यापेक्षा कमी तापमानालाच घडते. तिथे रिबनला धावत्या तापमानात मिनिटभर मिळते, इथे साठ मिनिटे.

रिबनचे तुकडे क्वार्ट्झ नळीत निर्वात करून किंवा आर्गॉनमध्ये, एकेरी थरात ठेवा. गठ्ठा करून ठेवला तर स्फटिक होताना बाहेर पडणारी उष्णता मध्ये कोंडते, आतले तापमान भट्टीच्या वर जाते आणि नेमके बोराइड उगवते. थर्मोकपल नमुन्याला टेकलेले हवे, भट्टीच्या पाटीवरच्या आकड्यावर भरवसा नको.

एप्रिल-मेमध्ये दुपारी व्होल्टेज खालीवर होते आणि वीज केव्हाही जाते. तासाभराच्या मध्ये खंड पडलेला नमुना सरळ टाकून द्या. ‘उरलेली वीस मिनिटे नंतर देऊ’ हा हिशेब इथे चालत नाही. पहाटेची वेळ घ्या.

नॅनोस्फटिकी रिबन काचेसारखी फुटते. चिमटा आणि चष्मा वापरा.

## टप्पा ९: पुन्हा एक्सआरडी, आणि वाचन

शेरर सूत्राने (ते शिखराची रुंदी आणि कणाचा आकार जोडते) १२ नॅनोमीटरच्या कणाला तांब्याच्या नळीवर ४५ अंशांजवळ सुमारे ०.७ अंश रुंदी येते. यंत्राची स्वतःची रुंदी त्यातून आधी वजा करा, आणि शिखर उरलेल्या अस्फटिकी फुगवट्यापासून वेगळे काढून मगच मोजा. फुगवट्यासकट मोजले तर कण खोटेच बारीक दिसतात.

अल्फा-लोखंडाची जाळी ०.२८६६ नॅनोमीटर. तुमची त्याहून लहान भरली तर सिलिकॉन कणांत शिरले आहे. जास्तीची शिखरे दिसली तर ती बोराइडची आहेत का हे आधी पाहा, नवीन संयुग सापडल्याचा आनंद नंतर.

मग चार नमुने शेजारी ठेवून असे वाचा. पहिले शिखर खाली आले आणि कण बारीक झाले: केंद्रके वाढली. पहिले शिखर वर गेले, दुसरे त्याहून जास्त वर गेले: वाढ अडली. दोन्ही शिखरे सारखीच सरकली आणि कणांचा आकार तोच राहिला: आधी जाडी आणि वजनातली घट पुन्हा तपासा. डीएससीत एका शिखराची दोन शिखरे झाली तर ती चांगली बातमी आहे, लोखंडाचे कण आणि बोराइड आता वेगवेगळ्या वेळी येत आहेत.

चुंबकीय मोजणी जोडायची असेल तर निग्रहबल (चुंबकत्व शून्यावर आणायला लागणारे उलटे क्षेत्र) व्हीएसएमवर, म्हणजे नमुना कंपवून चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रावर, काढू नका. चांगल्या फाइनमेटचे निग्रहबल मीटरला एक अँपियरच्या आसपास असते. व्हीएसएमच्या विद्युतचुंबकात उरलेले क्षेत्रच त्याच्या कित्येक पट भरते, म्हणजे तुम्ही मोजताय यंत्र. बी-एच लूप ट्रेसर (चुंबकीकरणाचे पूर्ण वर्तुळ काढणारे यंत्र) शोधा.

## अहवालात काय हवेच

प्रत्येक नमुन्यासमोर पुढील नोंदी एकाच तक्त्यात द्या: ठरवलेले आणि प्रत्यक्ष मोजलेले घटकप्रमाण, वितळतानाची वजनघट, चाकाच्या पृष्ठभागाचा वेग, जाडी, कोणत्या बाजूचा एक्सआरडी, तापवेगांसह शिखर-तापमाने आणि त्यांतले अंतर. एसईएमला (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला) जोडलेल्या ईडीएसवर (क्ष-किरणांवरून मूलद्रव्ये ओळखणाऱ्या उपकरणावर) बोरॉनचा आकडा काढू नका, तिथे तो भरवशाचा येत नाही. बोरॉनसाठी आयसीपी, म्हणजे नमुना विरघळवून प्लाझ्मात केलेले रासायनिक विश्लेषण.

प्रत्येक ओढणीतली मीटरभर रिबन कागदाच्या पुडीत, गोळीचा क्रमांक आणि तारीख लिहून, वेगळी राखून ठेवा. परीक्षकाने शंका काढली तर तीच कामाला येते. पुडी पत्र्याच्या खोलीत उन्हाळाभर राहिली तरी रिबनला काही होत नाही, स्फटिक व्हायला तिला कित्येक शे अंश लागतात. ओल मात्र लागू देऊ नका, क्रोमियम नसलेली रिबन पावसाळ्यात गंजते.